उलट्या ऋतूचे तात्या

परदेशी जाऊन आलेली माणसं साधारण तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारची चॉकलेटं आणतात. दुसऱ्या प्रकारची फोटो आणतात आणि ते दाखवण्यासाठी आपल्याला जेवायला बोलावतात. जेवण बरं असतं, म्हणून आपण जातोही. तिसऱ्या प्रकारची माणसं मात्र तिथली एखादी पद्धत घेऊन येतात, आणि धोका आहे तो यांच्यापासून. चॉकलेटं संपतात, फोटोही कधी ना कधी संपतात. पद्धत संपत नाही. ती माणसाच्या अंगात मुरते आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना भोगावी लागते. कुणी अमेरिकेहून आल्यावर चालताना दोन्ही हातात डंबेल्स धरतो. कुणी जर्मनीहून आल्यावर कचऱ्याचे पाच डबे करतो आणि घंटागाडीवाला ते पाचही एकाच ढिगात ओततो तेव्हा खिडकीतून हळहळतो.

आमच्या सिडकोतले तात्या कॅनडाहून आले ते हिवाळ्यापासून पळून जाण्याची पद्धत घेऊन. आता कॅनडातल्या माणसाने हिवाळ्यापासून पळावं यात गैर काही नाही. पण छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने हिवाळ्यापासून पळायचं म्हणजे ताटात पुरणपोळी पडल्यावर उठून हात धुवायला जाण्यातला प्रकार.

मूळचे तात्या परतूरकडचे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स खात्यात सगळी नोकरी गेली. बंद पडलेलं काहीही चालू करायचं आणि चालू असलेलं उघडून बघायचं, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर लेकीने दोघांना टोरांटोजवळ बोलावून घेतलं. मे महिन्यात गेले, ऑक्टोबरच्या शेवटी परत आले. म्हणजे बर्फ त्यांनी पाहिलाच नाही. बर्फाची भीती मात्र पाहून आले.

झालं असं की लेकीच्या शेजारी एक म्हातारं जोडपं राहायचं. सप्टेंबर उजाडला तसा त्या गोऱ्या आजोबांनी अंगणातली मोटार उघडली. मोटार कसली, चाकांवरचा फ्लॅटच तो. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर. आजोबा नळ तपासत होते, बॅटऱ्या बदलत होते. मेंटेनन्सचा माणूस उघडं बॉनेट बघून गप्प कसा बसेल? तात्या कुंपणापलीकडे गेले आणि लेकीकडचा उरलेला मुक्काम जवळजवळ त्या गाडीखालीच काढला. तिथेच त्यांना सारं कळलं. कॅनडातले आणि अमेरिकेच्या उत्तर भागातले हजारो पेन्शनर थंडीची चाहूल लागली की अशा गाड्या घेऊन दक्षिणेला फ्लोरिडाला, ॲरिझोनाला जातात आणि बर्फ वितळला की परततात. त्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझाइट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या सरकारी माळरानावर 180 डॉलर भरले की 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असं सात महिने गाडी लावून राहता येतं. ओंटारियो प्रांताची आरोग्य योजना माणसाला वर्षातले 212 दिवस बाहेर राहायची मुभा देते, त्याहून जास्त नाही. म्हणून म्हातारे परतीचा दिवस कॅलेंडरवर मोजून ठेवतात.

हे आकडे तात्यांना तेव्हापासून जे पाठ झाले ते झालेच. सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टचा विषय निघाला तरी ते 212 दिवसांवर येत.

“पण तात्या,” आमच्या सेक्रेटरींनी एकदा विचारलं, “त्यांच्याकडे उणे वीस असतं. आपल्याकडे काय आहे?”

“प्रश्न पाऱ्याचा नसतो, प्रश्न सवयीचा असतो,” तात्या म्हणाले. “त्यांना उणे वीसची सवय आहे, तरी ते पळतात. आपल्याला तर दहाचीसुद्धा नाही.”

या युक्तिवादात कुठेतरी गडबड आहे हे सभेतल्या प्रत्येकाला जाणवलं, पण ती नेमकी कुठे ते सापडेपर्यंत चहा आला.

खरं तर आमच्या शहराला देवाने बारा महिन्यांत एकच गोष्ट हात सैल सोडून दिली आहे, ती म्हणजे हिवाळा. पावसाचा भरवसा नाही, नळाचा तर त्याहून नाही, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून वर जातो. पण दिवाळी ते शिवरात्र या काळात इथली हवा अशी असते की भांडकुदळ माणूससुद्धा सकाळी दोन-तीन तास बरा वागतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. त्यामुळे दिवसाचं ऊन रात्री भराभर निघून जातं आणि पहाटे गोधडी ओढून घेण्याइतका गारवा राहतो. हिमायत बागेत फिरायला जाणाऱ्यांची संख्या दुप्पट होते. गावाबाहेरच्या शेताशेतांत हुरडा पार्ट्यांच्या पाट्या लागतात. बाजरीची भाकरी, भरीत, तिळाची चटणी असं सगळं ताटात एकदम येतं. सारं जग या दिवसांत इकडे यायला धडपडतं. वेरूळ-अजिंठ्याचे परदेशी प्रवासी येतात ते याच महिन्यांत. पैठणच्या नाथसागरावर रोहित, चक्रवाक, तलवार बदकं उतरतात; त्यातले काही पक्षी हिमालयापलीकडून येतात. आणि नेमक्या त्याच वेळी तात्या कानटोपी घालून शहर सोडतात. आमच्याकडे एक म्हण पडली आहे: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, तात्या नोव्हेंबर ते एप्रिल बंद.

कॅनडाला जाण्यापूर्वी हाच माणूस डिसेंबरात बनियनवर गच्चीत सूर्यनमस्कार घालायचा. पण पद्धत अंगात शिरली की तिला लागणारा आजार माणूस आपोआप तयार करतो. ऑक्टोबर संपत आला की तात्या पेपर मागच्या पानापासून वाचू लागतात. निफाड किती, परभणी किती, चिकलठाणा वेधशाळेचं किमान किती. निफाड आणि परभणी यांच्यात राज्यातला सगळ्यात कमी पारा कुणाचा, याची जी वर्षानुवर्षांची चुरस आहे ती क्रिकेटसारखी बघणारा एवढा एकच माणूस मी पाहिला आहे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दवाचा बर्फ झाल्याची बातमी आली की त्यांचा गुडघा दुखतो. महाबळेश्वर इथून तीनशेवर किलोमीटर आहे, पण गुडघ्याला भूगोल कळत नाही.

गाडीची कथा वेगळी. एका शाळेने काढून टाकलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर तात्यांनी विकत घेतली. पिवळ्या रंगावर पांढरा मारला, पण पावसात धुऊन निघाली की पोटावर ‘शाळेची बस’ ही अक्षरं पुसट दिसतातच. तिचं घर करण्याचं काम वाळूजच्या एका फॅब्रिकेटरकडे दिलं. त्या मिस्त्रीने आयुष्यभर रसवंतीचे गाडे आणि रुग्णवाहिका बनवल्या होत्या. तात्यांनी त्याच्यापुढे ॲरिझोनातल्या गाड्यांचे फोटो ठेवले. त्याने ते बराच वेळ पाहिले आणि आपल्या दख्खनीत विचारलं, “साब, इसमें पेशंट सोयेगा के गिऱ्हाईक बैठेगा?”

“मी राहणार आहे.”

“घर नै है क्या आपकू?”

“आहे ना. चार खोल्यांचं.”

“फिर कायकू?”

हा प्रश्न नंतर तात्यांना अनेक जिल्ह्यांत अनेक बोलींत विचारला गेला. पण ‘फिर कायकू’ इतक्या कमी शब्दांत तो पुन्हा कुणाला जमला नाही. मिस्त्रीने काम मात्र मन लावून केलं. हाताच्या सवयीने पलंगाच्या डोक्याशी सलाइनची बाटली अडकवायची कडी बसवली, आणि खिडकीखाली ग्लास मांडायची स्टीलची फळी. कडीला तात्या आता कंदील अडकवतात. फळीवर काकूंचे मसाल्याचे डबे आहेत. सनमायकाची कपाटं, पाच किलोचा सिलिंडर, छतावर सोलरचं पॅनल, बाजूला गुंडाळून ठेवलेली ताडपत्री आणि मागे तीनशे लिटरची पाण्याची टाकी. टाकी एवढी मोठी कशाला, तर हा माणूस संभाजीनगरचा. दुसऱ्या गावचा माणूस प्रवासाला निघताना पैसे मोजतो, आमचा पाणी मोजतो.

एक खास विदेशी धाटणीचा पेटीवाला संडासही बसवला होता. काकूंनी तो पाहिला आणि एकच वाक्य बोलल्या: “जिथे जेवायचं तिथे?” त्या दिवसापासून ती जागा कांदे-बटाट्यांची झाली. एकदाही वापर झालेला नसल्यामुळे काकूंच्या मते ती गाडीतली सर्वांत सोवळी जागा आहे.

यानंतर आला कायदा. कंपनीने केलेल्या गाडीत मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52. तात्यांनी हे कलम इतकं वाचलं की एजंट त्यांना विचारून इतरांची कामं करू लागला. राज्याच्या पर्यटन खात्याने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचीही प्रत तात्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढे डॅशबोर्डवर ठेवली आहे, इतर लोक गणपती ठेवतात तिथे. अखेर सगळे सोपस्कार होऊन ‘एमएच-20’ची पाटी लागली आणि सोसायटीत पेढे वाटले गेले.

पेढा खाताना आमच्या इमारतीतले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “तात्या, बिऱ्हाड हलवणाऱ्यांचा अनुभव आपल्या भागाला जुना आहे. 1327 साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे दौलताबादला आणली.”

“हवेसाठी?”

“नाही. पण लोकांचे हाल तसेच झाले, आणि पुढे परतही जावं लागलं.”

तात्यांना फक्त परत जाणं ऐकू आलं. ते खूश झाले. प्राध्यापकांचा घोडा मात्र एकदा सुटला की थांबत नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा वर्षभर फिरत असे. फायली, शिपाई, खानसामे सगळं मागोमाग. धनगर आपली मेंढरं घेऊन पाऊस सरला की घाट उतरून कोकणात जातात आणि पुढचा पाऊस यायच्या आत पुन्हा वर येतात. त्यांना कुणी पक्षी म्हणत नाही. इतकंच कशाला, 1953 च्या नागपूर कराराला जागून अख्खं महाराष्ट्र शासन डिसेंबरात अधिवेशनासाठी नागपूरला जातं. मे महिन्यात का जात नाही ते नागपूरकरांना विचारा.

“म्हणजे मी एकटा नाही,” तात्या म्हणाले.

“एकटे नाही,” प्राध्यापक म्हणाले, “फक्त हे सगळे लोक वाईट हवेकडून चांगल्या हवेकडे जातात.”

हे वाक्य तात्यांनी ऐकलं नाही. पद्धतवाल्या माणसांना ऐकण्याचीही एक पद्धत असते.

तर दिवाळीची भाऊबीज आटोपली की काकू घराच्या किल्ल्या आमच्याकडे देतात, तुळशीला पाणी घालायला सांगतात, आणि गाडी कोकणाकडे निघते. अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर, मग घाट. वेग ताशी पंचेचाळीस. समृद्धी महामार्गावर ताशी एकशेवीसची मुभा आहे असं कुणी सांगितलं, तर तात्या म्हणतात, “आपण हवेला गाठायला निघालोय, मुंबईला नाही.” मागे ट्रकांची रांग लागते. पुढे जाणारा प्रत्येक ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून आधी तात्यांकडे, मग गाडीच्या पोटावरच्या ‘शाळेची बस’कडे पाहतो आणि तोंडावर आलेली शिवी मागे घेतो. मुलांसाठी माणूस एवढं करतो.

या गाडीला लोकांनी काय काय समजावं याला मर्यादा नाही. शेवगावजवळ एक आजी रक्तदाब तपासून घ्यायला चढल्या. तात्यांकडे यंत्र होतंच, त्यांनी तपासला. मग अर्धी वाडी रांगेत उभी राहिली. एका तालुक्याला नगरपालिकेची निवडणूक होती, तिथे भरारी पथकाने गाडी उघडून पाहिली आणि संडासात रोकड लपवली असेल म्हणून सगळे कांदे बाहेर काढले. कऱ्हाडच्या अलीकडे दोन कॉलेजकुमारांनी खिडकीखालची स्टीलची फळी पाहून दोन प्लेट मंचुरियन मागितलं. काकूंनी थालीपीठ दिलं. त्यांनी पैसेही दिले. तात्या नको म्हणत होते, काकूंनी घेतले.

कॅनडात गाडी लावायच्या जागी वीज, पाणी आणि सांडपाणी यांची जोडणी मिळते. तिला तिथे हूकअप म्हणतात. तात्या प्रत्येक ढाब्यावर उतरून विचारतात, “हूकअप आहे का?” मालक काउंटरवरून वाकून हळूच म्हणतो, “हाफ मिळेल. फुल आज नाही.”

गेल्या वर्षी निघताना तात्यांनी आधी वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं ठरवलं. तिथे रस्त्याकडेला एक भलाथोरला परदेशी ट्रक उभा होता. घरच ते, पण किल्ल्यासारखं. युरोपातून कित्येक देश ओलांडून आलेलं एक जोडपं. तात्यांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. दोघांनी एकमेकांच्या बॅटऱ्या पाहिल्या, टाक्या पाहिल्या. परदेशी गृहस्थाने तात्यांच्या सलाइनच्या कडीचा फोटो काढला. मग त्याने खुर्च्या मांडल्या, कोवळ्या उन्हात पाय पसरले आणि म्हणाला, या हवेसाठी आम्ही घर सोडून इतक्या लांब आलो. तुम्ही भाग्यवान, इथेच राहता. तुम्ही कुठून येताय?

“इथूनच. तीस किलोमीटरवर घर आहे.”

“आणि निघालात कुठे?”

“थंडीपासून लांब.”

तो गृहस्थ अर्ध्या बाहीच्या शर्टात होता. तात्यांच्या अंगावर स्वेटर, मफलर आणि कानटोपी होती. त्याने तात्यांकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तो बोलला काहीच नाही. लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं सुज्ञ असतात.

त्याच प्रवासात आणखी एक भेट झाली, ती काकू सांगतात. तात्या सांगत नाहीत. रात्री एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावली होती. शेजारी बीडकडच्या ऊसतोड मजुरांचा ट्रॅक्टर येऊन थांबला. मागे दोन ट्रॉल्या. त्यात भांडी, सरपण, कोंबड्या, तान्ही पोरं, बाजरीची पोती, खोपीसाठी बांबू आणि ताडपत्र्या. दिवाळीनंतर घर मोडून ट्रॉलीत भरायचं, सहा महिने साखर कारखान्यांच्या भागात ऊस तोडायचा आणि पट्टा पडला की गावी परतायचं, हा त्यांचा दर हिवाळ्याचा रस्ता. त्यातली एक बाई पाणी मागायला आली. काकूंनी टाकीचा नळ सोडला. बाईने आत डोकावून शेगडी पाहिली, पलंग पाहिला, गुंडाळलेली ताडपत्री पाहिली आणि आपुलकीने विचारलं, “एकच कोयता दिसतो तुमचा. टोळी म्होरं गेली काय?”

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. काकू म्हणाल्या, “हो, आम्ही दोघंच.”

“या वयात? पोरं बघत न्हाईत का? उचल किती घेतली मुकादमाकडून?”

काकूंना काय सांगावं कळेना. थंडी वाजते म्हणून निघालो, हे त्या बाईला सांगायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी हातातल्या डब्यातले लाडू तिच्या पोराला दिले. बाई जाताना म्हणाली, “मुकादम गाडी तरी ब्येस देतो तुमचा.” तात्या आतून सगळं ऐकत होते. त्या रात्री त्यांनी क्वार्टझाइटचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा काढलं नाही, आणि हा त्यांच्या बाबतीत उच्चांक आहे.

मालवणजवळ तारकर्लीला एका ओळखीच्या माणसाच्या माडाच्या वाडीत गाडी लागते. इथे समुद्र रात्री किनाऱ्याला ऊब देतो, त्यामुळे पठारावरचा गारवा नाही, हे तात्यांचं गणित बरोबर आहे. पण समुद्र काही एका बाजूने व्यवहार करत नाही. दुपारचा पारा जानेवारीतही तिशीवर जातो, आणि पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरचा गार वारा यायला तिसरा प्रहर होतो. पत्र्याची गाडी तापते. अंगाला घाम, मिठाला पाणी, पापडाला बुरशी. तात्या बनियनवर येतात, मग पंचावर येतात, पंचा ओला करून डोक्यावर घेतात. वाडीचा मालक नारळ सोलता सोलता एकदा म्हणाला, “थंडयेक भियान इलास, मगे उकाड्याक कित्याक गाळी घालतास?”

मला वाटतं या प्रश्नातच तात्यांचं सगळं चरित्र आहे. तात्यांना चांगली हवा नको आहे. चांगल्या हवेत या माणसाला काही करण्यासारखं उरत नाही. ज्याने पस्तीस वर्षं बिघडलेली यंत्रं दुरुस्त केली त्याला निवृत्तीनंतर एकही बिघाड मिळेना, तेव्हा त्याने हवामान बिघडलं आहे असं ठरवलं. हवामानाचं बरं असतं. ते कधीच पूर्ण दुरुस्त होत नाही.

काकूंचं वेगळं. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, “मी स्वयंपाकातून कधी सुटेन असं वाटायचं. आता स्वयंपाकघर माझ्या मागून गाडीत बसून येतं.” संक्रांत आली तेव्हा मात्र त्यांना गलबलून आलं. सिडकोत संक्रांत ते रथसप्तमी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला पाय ठेवायला जागा नसते. इथे ओळख ना पाळख. शेवटी त्यांनी गाडीतच हळदीकुंकू केलं. वाडीतल्या बायकांना बोलावलं. एका वेळी चौघी आत चढायच्या, स्टीलच्या फळीवरून तीळगूळ घ्यायच्या, वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी घ्यायच्या आणि मागच्या दाराने उतरायच्या. ‘चाकांवरचं हळदीकुंकू’ बघायला शेजारच्या देवबागहून बायका रिक्षा करून आल्या. वाण संपलं तेव्हा काकूंनी कांदे वाटले. आज त्या किनाऱ्यावर काकूंना सगळे ओळखतात, आणि तात्यांना ‘काकूंचे ते’ म्हणून ओळखतात. पुढच्या वर्षी जायचं की नाही याची चर्चा सोसायटीत निघाली, तेव्हा ‘जायचंच’ असं म्हणणारा पहिला आवाज काकूंचा होता. तात्यांना आपली पद्धत पटवून दिल्याचा आनंद झाला. काकूंनी तेव्हाच शंभर गाळण्यांची ऑर्डर दिली होती.

हाल झाले ते लेकीचे. तिला सुट्टी मिळते नाताळात. मुलांना घेऊन ती कॅनडातल्या बर्फातून सुटून संभाजीनगरच्या उन्हात बसायला येते, तर घराला कुलूप. किल्ली आमच्याकडून घ्यायची, दोन दिवस बापाच्या रिकाम्या गच्चीत मुलांना हुरडा चारायचा आणि मग आईबापांना भेटायला कोकणात जायचं. गाडीत झोपायला दोघांचीच जागा, म्हणून हिने लॉजवर राहायचं. गेल्या खेपेला ती आमच्या देखत फोनवर म्हणाली, “बाबा, मी तिकडच्या थंडीला कंटाळून इथे येते आणि तुम्ही इथल्या थंडीला कंटाळून कोकणात जाता. आपण दोघं एकदा पुण्यात भेटू या का? मध्ये पडेल.” तात्यांनी पुण्याचं किमान तापमान विचारलं.

मार्च लागला की कोकण भाजायला लागतं. वाडीचा मालक स्वतः जांभ्याच्या गार ओटीवर झोपतो आणि तात्यांना म्हणतो, आता वर जावा. पण तात्या हलत नाहीत. ते 15 एप्रिलची वाट पाहतात. नेमक्या तारखेला गाडी आमच्या फाटकात शिरते, तेव्हा शहरात सावलीलाही ऊन लागत असतं. परदेशी प्रवासी गेलेले असतात, नाथसागरावरचे पाहुणे उत्तरेला परतलेले असतात, हुरड्याच्या पाट्या वाऱ्याने फाटलेल्या असतात. तात्या उतरतात, अंगणात दोन्ही हात पसरून उभे राहतात आणि म्हणतात, “सुटलो एकदाचे थंडीतून!”

पण मला या गाडीची निंदा करवत नाही, आणि आमच्या इमारतीतल्या कुणालाच करवत नाही. त्याचं कारण म्हणजे ती तीनशे लिटरची टाकी. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीसारखं धरण, त्याची भिंत दहा किलोमीटर लांब, आणि आमच्या नळाला पाणी येण्याचा दिवस मात्र सत्यनारायणाच्या मुहूर्तासारखा विचारून घ्यावा लागतो. मे महिन्यात टँकर चुकला की सगळ्या मजल्यांवरून बादल्या उतरतात आणि गाडीच्या मागे रांग लागते. तात्या मापाने पाणी देतात, टाकी भरण्यासाठी पहाटे कुठे कुठे जाऊन येतात, गळका नळ दुरुस्त करतात, भांडणं मिटवतात. हातात पाना असतो, चेहऱ्यावर तेज असतं. चाळीस-बेचाळीस डिग्रीत हा माणूस दिवसभर घामाने निथळत उभा असतो आणि हवेबद्दल चकार शब्द काढत नाही.

परवा अशाच रांगेत उभे असताना प्राध्यापकांना राहवलं नाही. म्हणाले, “तात्या, अहो गाडी तयार आहे, टाकी भरलेली आहे. म्हैसमाळ इथून चाळीस किलोमीटर. हजार मीटर उंची, रात्री गार वारा. या दिवसांत पळायचं तर तिथे पळावं माणसाने.”

तात्यांनी नळ बंद केला. हिशेब न जाणणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी प्राध्यापकांकडे पाहिलं.

“सर, 15 एप्रिलला सीझन संपतो. मे महिन्यात स्नोबर्ड घरीच असतो. नियम आहे तो.”

“कुठला नियम?”

“ॲरिझोनाचा,” तात्या म्हणाले, आणि पुढची बादली घेतली.